गणितात एक वर्ष उडी मारायची का? अमेरिकेत नव्याने आलेल्या पालकांसाठी

रविवारी मराठी शाळा सुटली की पार्किंग लॉटमध्ये दुसरी शाळा भरते, पालकांची. मुलं गाडीत फोन घेऊन बसलेली आणि आईबाबा डिकीला टेकून उभे. नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न 'कुठून आलात?', दुसरा 'भाड्याने की घेतलंत?' आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, 'तुमचा कुठल्या मॅथला आहे?'

गेल्या ऑगस्टमध्ये तिथे एक बाई भेटल्या. महिन्यापूर्वीच पुण्याहून आलेल्या. मुलगा महाराष्ट्र बोर्डाची नववी संपवून आलेला, वयाच्या हिशेबाने इथे पुन्हा नववीत. शाळेने त्याला अल्जेब्रा १ ला बसवलं होतं. "ताई, हे सगळं त्याचं होऊन गेलंय हो. वर्ष फुकट जाणार. काय करू?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या गाडीपाशी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "आमच्याने तर दोन कोर्स स्किप केले." बाईंचा चेहरा आणखी उतरला.

त्या बाईंना मी पुढे दोन-तीन फोनमध्ये जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी शिक्षिका नाही. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटजवळ राहते. दोन मुलं इथल्या हायस्कुलातून गेली. एकीने उडी मारली आणि आपटली, दुसऱ्याने मारली नाही. तेवढ्या भांडवलावर बोलते आहे.

पहिली पायरी: शिडी समजून घ्या

आपल्याकडे गणित हा एकच विषय. दरवर्षी थोडं बीजगणित, थोडी भूमिती. दहावीला भाग १ आणि भाग २ असे दोन पेपर, पण अख्खा वर्ग तेच करतो. इथे हायस्कुलात गणिताची इयत्ता नसते, कोर्स असतो. अल्जेब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जेब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. एकेका कोर्सला एकेक वर्ष. एकाच वर्गात नववीतलं आणि अकरावीतलं मूल शेजारी बसू शकतं, त्यात कुणाला काही वाटत नाही.

अल्जेब्रा १ नववीत घेतला तर बारावीत मूल प्रीकॅल्क्युलसला पोचतं. आठवीत घेतला तर बारावीत कॅल्क्युलस. सातवीत घेतला तर अकरावीतच कॅल्क्युलस. सगळी धावपळ होते ती या एक-दोन वर्षांच्या फरकासाठी.

काही डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांत, ही शिडीच नसते. तिथे मॅथ १, मॅथ २, मॅथ ३ अशी मिसळ असते, आपल्या बोर्डासारखी. तुमच्याकडे तसं असेल तर उडी मारणं अवघड, कारण प्रत्येक वर्षात सगळ्याचा थोडा थोडा तुकडा असतो आणि एक वर्ष गाळलं तर तीन विषयांना भोक पडतं. अशा ठिकाणी एका वर्षात दीड वर्षाचं शिकवणारा कोर्स आहे का, एवढंच विचारा.

हा प्रश्न इथे नुसता घरगुती नाही, राजकीयसुद्धा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतला अल्जेब्रा १ बंद केला, कारण पुढच्या-मागच्या तुकड्या पाडून काही मुलं कायमची मागे पडतात असं त्यांचं म्हणणं होतं. पालक दहा वर्षं भांडले. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने 'परत आणा' असा कौल दिला; तो बंधनकारक नव्हता, पण शाळा परत अल्जेब्राकडे वळल्याच. तेव्हा शेजारच्या गावातल्या मैत्रिणीने सांगितलेला नियम तुमच्या गावात लागू असेल असं धरून चालू नका.

दुसरी पायरी: 'उडी' म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

पार्किंग लॉटमध्ये 'स्किप केलं' हा एकच शब्द चालतो, पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. एक, परीक्षा देऊन कोर्स न करताच पुढे जाणं. दोन, तोच कोर्स उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा-आठ आठवड्यांत उरकणं. तीन, एकाच वर्षात दोन कोर्स घेणं. बहुतेक जॉमेट्री आणि अल्जेब्रा २, कारण ते एकमेकांवर फारसे अवलंबून नसतात. याला इथे डबल अप म्हणतात. चार, शाळेचाच एखादा जलद कोर्स.

माझं मत विचाराल तर डबल अप सगळ्यात निर्धोक. मुलाचं गणित काही बुडत नाही, फक्त रोजचा एक तास वाढतो आणि एखादा ऐच्छिक विषय, म्हणजे बँड नाहीतर चित्रकला, सोडावा लागतो. उन्हाळी कोर्स सगळ्यात फसवा. त्याची गोष्ट पुढे येते.

तिसरी पायरी: भारतातून नुकतेच आला असाल तर

तुमच्या मुलाच्या मार्कलिस्टवर फक्त 'गणित' लिहिलेलं असतं आणि पुढे मार्क. शाळेत मुलांचे कोर्स ठरवून देणाऱ्या कौन्सेलरला त्यावरून काहीच कळत नाही. त्यात त्याचा दोष नाही. अमेरिकन मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे इथल्या मार्कलिस्टवर, कोर्सचं नाव असतं, ते तो शोधतो आणि न सापडल्यामुळे सगळ्यात खालच्या पायरीवर नाव टाकून मोकळा होतो. म्हणून बालभारतीच्या नववीच्या, आणि दहावीही झाली असेल तर दहावीच्या, दोन्ही भागांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत करून एका पानावर छापून न्या. इंग्रजी माध्यमाचं पुस्तक असेल तर कामच झालं. मूल सीबीएसईचं असेल तर एनसीईआरटीची अनुक्रमणिका. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि बोलणं 'आमचा हुशार आहे' वरून 'याचं एवढं शिकून झालंय' वर येतं.

आता प्रामाणिकपणे बघा, काय झालंय आणि काय नाही. महाराष्ट्र बोर्डाची नववी केलेल्या मुलाचं अवयव पाडणं, बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं, समांतर रेषा, त्रिकोणांची एकरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीची तोंडओळख झालेली असते. वर्गसमीकरणं, समरूपता आणि पायथागोरसचं प्रमेय सविस्तर, हे दहावीत. म्हणजे अल्जेब्रा १ चा बराच भाग त्याच्या हातात आहे आणि जॉमेट्रीचाही थोडा. सिद्धता तर आपल्या मुलांना इथल्या मुलांपेक्षा सोप्या जातात. इथे दोन रकाने आखून डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण लिहायचं असतं. ज्याने 'पक्ष, साध्य, सिद्धता' घोटलंय त्याला त्यात नवीन काही नाही.

जे नसतं ते असं: फलन, म्हणजे फंक्शन. इथे अल्जेब्रा १ पासूनच सगळं फंक्शनच्या भाषेत आणि आलेखावर चालतं. आलेख वर सरकवला तर समीकरणात काय बदलेल, घातांकी वाढ कशी दिसेल, कोष्टकावरून नियम कसा ओळखायचा. आपल्याकडे फलनांचा खरा अभ्यास अकरावीला सुरू होतो. शिवाय ग्राफिंग कॅल्क्युलेटर मुलाने हातात धरलेला नसतो आणि शाब्दिक उदाहरणं इंग्रजीत, तीही फूट, गॅलन आणि बेसबॉलवाली. पहिल्या महिन्यात मूल अडखळलं तर ते गणितात अडखळलंय की बेसबॉलमध्ये, हे आधी बघा.

चौथी पायरी: घरी, कोऱ्या कागदावर परीक्षा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि बहुतेक लोक हीच गाळतात. 'त्याला येतं' हे आईबाबांचं मत असतं. 'मला येतं' हे मुलाचं. दोन्ही बाजूला ठेवा.

जो कोर्स वगळायचा आहे, त्या कोर्सचा शेवटचा पेपर मुलाकडून सोडवून घ्या. पेपर कुठून आणायचा? खान अकॅडमीवर प्रत्येक कोर्सच्या शेवटी कोर्स चॅलेंज असतं, फुकट. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या संकेतस्थळावर त्यांच्या पुस्तकांसाठी दोन प्रकारच्या चाचण्या मोफत मिळतात: एक 'हे शिकायची तयारी आहे का' आणि दुसरी 'हे आधीच येतं का'. आपल्याला दुसरी हवी. ती शाळेच्या पेपरपेक्षा अवघड असते, हे मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर रडारड. शाळेतले शिक्षक कधी कधी समोर बसवून जुना फायनल बघू देतात; विचारायला पैसे पडत नाहीत.

पण त्याआधी दहा मिनिटांत अंदाज घ्यायचा असेल तर मी अल्जेब्रा १ साठी ही चार उदाहरणं देते. क्ष वापरते आहे, आमच्या शाळेची सवय.

१. ३(क्ष − २)/४ − (क्ष + १)/६ = ३. क्ष किती?

२. (२, ५) आणि (६, −३) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण लिही. ही रेषा क्ष-अक्षाला कुठे छेदते?

३. आयताची परिमिती ३४ आणि क्षेत्रफळ ६०. बाजू काढ. अंदाजाने नको, समीकरण मांडून.

४. फ(क्ष) = क्ष² − ४क्ष + १. तर फ(अ + १) किती?

उत्तरं: ८; य = −२क्ष + ९ आणि साडेचारला; ५ आणि १२; अ² − २अ − २.

मुलगा लिहीत असताना त्याच्या हाताकडे बघा, उत्तराकडे नंतर. पहिल्या उदाहरणात १२ ने गुणताना मधलं वजाचं चिन्ह दोन्ही पदांना लागलं का? तिसऱ्यात '५ आणि १२' लगेच सांगून पेन खाली ठेवलं, तर त्याला गुणाकाराचे पाढे येतात, बीजगणित येतंच असं नाही. आणि चौथं उदाहरण भारतातून आलेल्या मुलांसाठी मुद्दाम आहे. पुष्कळ जण अ² − ४अ + २ लिहितात. म्हणजे फ(अ) काढून त्यात १ मिळवतात. गणना बरोबर, पण कंसात काय चाललंय ते कळलेलं नाही. हे दोन शनिवारांत शिकवता येतं. मात्र शिकवल्याशिवाय पुढे ढकललं तर अल्जेब्रा २ मध्ये दर आठवड्याला टोचतं.

पूर्ण पेपरसाठी माझा घरगुती ठोकताळा: मदतीशिवाय, वेळ लावून, ९० टक्क्यांच्या वर असेल तर त्या कोर्सला बसवणं खरंच कंटाळवाणं होईल. ७० ते ९० असेल तर मुलाला 'ओळखीचं' आहे, 'येत' नाही. या गटातच सगळ्यात जास्त चुकीच्या उड्या मारल्या जातात. ७० च्या खाली असेल तर विषय संपला, आणि त्यात लाज काही नाही.

पाचवी पायरी: कोणता कोर्स गाळता येतो, कोणता नाही

अल्जेब्रा १: वरची परीक्षा नीट झाली तर खुशाल.

जॉमेट्री: इथेच बहुतेक जण कात्री लावतात, कारण 'पुढे लागत नाही'. एक तर लागते. त्रिकोणमितीचा पाया समरूप त्रिकोणांवर आहे. दुसरं म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला प्रवेशासाठी भूमितीचं वर्षभराचं शिक्षण लागतंच. मॅथ १-२-३ केलं असेल तर भूमिती त्यातच आली. पण नुसता अल्जेब्रा २ दाखवून जॉमेट्री भरून निघेल या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात करा, डबल अप करा, पण ट्रान्सक्रिप्टवर दिसेल असं करा.

अल्जेब्रा २: गाळू नका. घाईतही उरकू नका. इथे मी माझं सांगते.

माझी मोठी नववीत जॉमेट्रीला होती. मैत्रिणी पुढे होत्या. आम्ही तिला उन्हाळ्यात एका ऑनलाइन कोर्सला घातलं, सहा आठवड्यांत अख्खा अल्जेब्रा २. 'ए' मिळाला. रोज चार तास, दर दोन दिवसांनी चाचणी. आज शिकलेलं परवा विचारलं जायचं आणि तेरवा विसरलं जायचं. आम्ही पेढे वाटले. दहावीत प्रीकॅल्क्युलसला बसली आणि पहिल्या सेमिस्टरला 'सी'. लॉगॅरिदम, अपूर्णांकातल्या राशी, वर्गमुळं, जिथे हात लावावा तिथे भुसभुशीत. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना दहावी-अकरावीचेच ग्रेड धरते, हे आम्हाला त्यानंतर कळलं. नववीत असा 'सी' आला असता तर निदान त्या हिशेबात नसता.

पुढे अकरावीत कॅल्क्युलसला असताना एका रात्री ती स्वयंपाकघरात येऊन बसली. उदाहरण असं: क्ष²√(क्ष + १) या फलनाचा चढ कुठे शून्य होतो? तिने पहिली ओळ झटक्यात लिहिली:

२क्ष√(क्ष + १) + क्ष²/(२√(क्ष + १)) = ०

ही एक ओळ म्हणजे कॅल्क्युलस. बरोबर होती. त्यानंतर पाऊण तास ती तिथेच. छेद समान करायचा, वर ४क्ष(क्ष + १) + क्ष² येतं, म्हणजे ५क्ष² + ४क्ष, हे मी दाखवल्यावर तिने सरळ दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं आणि −४/५ लिहून वही मिटली. शून्य हे दुसरं उत्तर भागाकारात गळून गेलं. पुढच्या सगळ्या ओळी अल्जेब्राच्या होत्या आणि तिथेच ती अडली. कॅल्क्युलसमध्ये नापास होणारी बहुतेक मुलं कॅल्क्युलसमुळे होत नाहीत, हे तिचे शिक्षक नंतर पालकसभेत म्हणाले तेव्हा मी मान खाली घालून वही काढल्याचं नाटक केलं.

प्रीकॅल्क्युलस: अल्जेब्रा २ दणदणीत झाला असेल आणि त्रिकोणमिती स्वतंत्रपणे नीट केली असेल तर काही मुलं हा गाळून सरळ कॅल्क्युलसला जातात आणि निभावतात. कारण यातला बराच भाग अल्जेब्रा २ ची उजळणी असते. अमुक एका मुलाला जमेल का, हे त्याच्या अल्जेब्रा २ च्या शिक्षकांना विचारा, त्याच्या मित्राच्या आईला नाही.

सहावी पायरी: तुमच्या राज्याचा आणि डिस्ट्रिक्टचा नियम शोधा

कॅलिफोर्नियात २०१५ चा एक कायदा आहे: नववीत जाणाऱ्या मुलाला कुठल्या गणिताला बसवायचं याचं धोरण प्रत्येक डिस्ट्रिक्टने जाहीर ठेवलं पाहिजे, ते एकाच शिक्षकाच्या मतावर नको, एकापेक्षा जास्त वस्तुनिष्ठ मापांवर हवं, आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा पुन्हा तपासणी हवी. पालकाला दाद मागायचा मार्गही हवा. नवीन आलेल्यांसाठी हे सोन्यासारखं आहे. भांडायची गरज नाही. 'प्लेसमेंट धोरणाप्रमाणे माझ्या मुलाची फेरतपासणी करावी' एवढी दोन ओळींची ईमेल पुरते.

टेक्ससमध्ये क्रेडिट बाय एक्झाम असतं. न शिकलेल्या कोर्सची परीक्षा देऊन १०० पैकी ८० किंवा जास्त मिळवले तर कोर्स झाला. नॉर्थ कॅरोलायनात दोन टप्पे: आधी परीक्षा, मग विषय खरंच कळल्याचं दाखवणारं एखादं काम करून द्यायचं. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते, कारण नुसत्या परीक्षेत पाठांतर लपतं. इतर राज्यांत डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर 'मॅथ प्लेसमेंट' आणि 'ॲक्सिलरेशन' हे दोन शब्द शोधा.

पुढच्या वर्षाचे विषय बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्येच भरून घेतात. जूनमध्ये जाग आली तर कौन्सेलर सुट्टीवर गेलेला असतो. आणि बाहेरचा कोणताही उन्हाळी किंवा ऑनलाइन कोर्स करायच्या आधी शाळेची लेखी परवानगी घ्या. 'हो हो, चालेल' हे फोनवरचं वाक्य सप्टेंबरात कुणालाच आठवत नाही. आमच्या ओळखीच्या एकांनी हजारभर डॉलर भरून कोर्स करून घेतला आणि शाळेने तो मान्य केला नाही. मुलाने तोच कोर्स वर्षभर परत केला, दर सोमवारी बापाकडे बघत.

कौन्सेलरशी बोलताना आपण दोन टोकं गाठतो. एक तर 'सर म्हणतील तसं', नाहीतर एकदम तावातावाने 'आमच्याकडे हे सहावीत होतं'. दोन्ही नको. सोडवलेला पेपर, अनुक्रमणिका आणि एकच प्रश्न घेऊन जा: "पुढच्या कोर्सला जायची परीक्षा कधी देता येईल?"

सातवी पायरी: बारावीपासून उलटं मोजा

पुण्याच्या त्या मुलाचंच घ्या. अल्जेब्रा १ वगळला तर नववी जॉमेट्री, दहावी अल्जेब्रा २, अकरावी प्रीकॅल्क्युलस, बारावी कॅल्क्युलस. न वगळता दहावीत डबल अप केलं तर? नववी अल्जेब्रा १, दहावीत जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ दोन्ही, अकरावी प्रीकॅल्क्युलस, बारावी कॅल्क्युलस. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्या बाईंचा अर्धा घोर तिथेच गेला. 'वर्ष फुकट' हे काही खरं नव्हतं. वाट दुरुस्त करायला पुढे एक वर्ष शिल्लक होतं.

आता त्या डिकीवाल्या गृहस्थांचं. बारावीतल्या कॅल्क्युलसच्या दोन वर्षं पुढे म्हणजे दहावीत कॅल्क्युलस. ठीक. अकरावी आणि बारावीला काय? एपी स्टॅटिस्टिक्स आहे (एपी म्हणजे हायस्कुलातच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स), तो चांगला आणि उपयोगी. त्यापुढचं, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा, बहुतेक हायस्कुलांत नसतं. कम्युनिटी कॉलेजात जावं लागतं. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलांना तिथे बऱ्याच ठिकाणी फी माफ असते, पण कॉलेजचा ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा बसतो. आणि क्लास दुपारी तीनला असतो. नेणार कोण, हा प्रश्न आधी सोडवा. आमच्या गल्लीत एका आईने त्यापायी नोकरीच्या वेळा बदलून घेतल्या. सर्वात वाईट म्हणजे कॅल्क्युलस लवकर संपवून मग दोन वर्षं गणितच नाही. कॉलेजात गेल्यावर सगळं पुसलेलं असतं.

एपी कॅल्क्युलसचे दोन प्रकार आहेत, एबी आणि बीसी. बीसीमध्ये एबीचं सगळं येतंच, शिवाय अनंत श्रेणी वगैरे. परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५. चांगल्या गुणांवर कॉलेजं क्रेडिट देतात. एमआयटी बीसीतल्या ५ वर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते. पण हे सगळं बारावीत घेतलेल्या बीसीवरही मिळतं. त्यासाठी दहावीत घ्यावं लागत नाही.

आठवी पायरी: मुलाला विचारा, आणि आडवी वाट दाखवा

मुलाला 'तुला पुढे जायचंय का?' विचारू नका. तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतो. 'वर्गात शेवटचं कधी अडलास आणि मग काय केलंस?' असं विचारा. जो म्हणेल 'कधी अडलोच नाही' त्याला पुढचा कोर्स हवा असेल, किंवा त्याच कोर्सची अवघड उदाहरणं हवी असतील. या दोन वेगळ्या भुका आहेत.

दुसऱ्या भुकेसाठी उडीची गरज नाही. एएमसी १० नावाची परीक्षा नोव्हेंबरात असते, दहावीपर्यंतच्या मुलांसाठी, ७५ मिनिटांत २५ प्रश्न. त्यात कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमितीसुद्धा नाही; फक्त माहीत असलेल्या गणिताला चहूबाजूंनी पिळलेलं असतं. त्यात चांगलं केलं तर पुढे एआयएमई: तीन तास, १५ प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर ० ते ९९९ मधला पूर्णांक. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मॅथकाउंट्स. माझा धाकटा बहिणीची गत बघून सरळ वाटेनेच गेला. पहिल्या एएमसीत त्याचे आठच प्रश्न बरोबर आले. शाळेत कायम 'ए' घेणारं पोरगं, दोन दिवस गप्प होतं. तिसऱ्या दिवशी नववा प्रश्न घेऊन बसलं.

नववी पायरी: पहिले सहा आठवडे

उडी मारलीच तर ऑगस्ट-सप्टेंबरात डोळे उघडे ठेवा. पहिल्या चाचणीत 'बी' आला तर घाबरू नका. पण गृहपाठाला रोज दोन तास लागत असतील, मूल उत्तरं फोनवर शोधत असेल, किंवा जुन्याच गोष्टी दर आठवड्याला विचारत असेल, तर खालच्या कोर्सला परत जायची शेवटची तारीख कौन्सेलरकडून मागून घ्या. ती बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत असते आणि त्यानंतर बदल केला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहते. आम्ही त्या तारखेला चार दिवस उशीर केला. 'थोडं थांबू, जमेल' म्हणत.

पुण्याच्या मुलाने चारांपैकी तीन उदाहरणं बरोबर सोडवली. चौथ्याला, अपेक्षेप्रमाणे, अ² − ४अ + २. पूर्ण पेपरात ९१ टक्के. त्याच्या आईने दोन ओळींची ईमेल पाठवली, शाळेने तिसऱ्या आठवड्यात फेरपरीक्षा घेतली आणि त्याला जॉमेट्रीला हलवलं. फंक्शनचं प्रकरण तो शनिवारी माझ्या धाकट्याकडे येऊन करतो. फीऐवजी थालीपीठं येतात. परवा त्याने दोन रकान्यांची पहिली सिद्धता आणून दाखवली. डाव्या रकान्यावर त्याने सवयीने मराठीत 'पक्ष' लिहिलं होतं आणि जॉमेट्रीच्या बाईंनी लाल पेनाने शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं.